दोन देशांची राहणी

मुलुंडचा कोणी आप्त लंडनला नोकरीस गेला, कीं त्याच्या पगाराचे पौंड रुपयांत मांडून आपण थक्क होतों. तेथें घरभाडें काय पडतें, न्हाव्यास काय द्यावें लागतें, हें कोणी पुसत नाहीं. अंधेरीच्या न्हाव्याच्या कितीतरी पट! सबब नुसत्या हुंडणावळीनें दोन देशांची राहणी ताडतां येत नाहीं. मिळकतींत अन्नवस्त्र किती येतें, हें पाहावें लागतें. दादाभाई नौरोजींनीं १८७६ सालीं मुंबईंत वाचलेल्या निबंधांत असेंच माप घेतलें. हिंदुस्थानचें दरडोई वार्षिक उत्पन्न त्यांच्या हिशेबानें सुमारें २० रुपये, म्हणजे २ पौंड. हा आंकडा नुसता इंग्लंडच्या आंकड्याशेजारीं ठेवता, तर तिकडची महागाई पुढें करतां आली असती. त्यांनीं तो येथल्याच सरकारी तुरुंगांच्या हिशेबाशेजारीं ठेवला. एका कैद्याच्या अन्नवस्त्रास बहुतेक प्रांतांत वर्षाकाठीं त्याहून अधिक खर्च येत असे.