अंतराचा हिशेब – लेखांक ७ : भामरागड, पावसाळ्यातले बेट

पोर्ट ब्लेअर ते कार निकोबार या दोन बेटांवरच्या ठिकाणांमधले हवाई अंतर सुमारे २७५ किलोमीटर, हे मागच्या लेखांकात आपण अक्षांश-रेखांशांवरून काढले. तीच रीत आज गडचिरोली जिल्ह्यात लावू. इथे समुद्र नाही, पण भामरागडचे दर पावसाळ्यात बेट होते.

गडचिरोली आणि भामरागड यांच्या अक्षांशांत अंदाजे ४६ मिनिटांचा फरक आहे. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १.८५ किलोमीटर. म्हणजे भामरागड दक्षिणेला ८५ किलोमीटर. रेखांशांतला फरक ३५ मिनिटांचा. रेखावृत्ते ध्रुवांकडे जवळ येत जातात, म्हणून आपल्याकडे रेखांशाचे मिनिट थोडे आखूड, पावणेदोन किलोमीटरचे भरते. त्या हिशेबाने पूर्वेला ६१ किलोमीटर. एवढ्या अंतराला पृथ्वीची गोलाई सोडून दिली तरी चालते. पायथागोरसच्या नियमाने उत्तर येते सुमारे १०५ किलोमीटर.

रस्त्याने मात्र हेच अंतर १८० किलोमीटरच्या आसपास आहे. चामोर्शी, आष्टीवरून रस्ता आधी दक्षिणेला आलापल्लीपर्यंत उतरतो आणि तिथून पूर्वेला वळतो, सुताराच्या गुण्यासारखा. आलापल्ली आणि भामरागड जवळपास एकाच अक्षांशावर आहेत. मधला कर्ण एटापल्ली तालुक्याच्या डोंगर-जंगलावरून जातो. तो फक्त हेलिकॉप्टरला मोकळा. ताशी २१० किलोमीटर वेग धरला तर अर्धा तास.

पण हा अर्धा तास कागदावरचा आहे. भामरागडजवळ पर्लकोटा आणि पामुलगौतम या नद्या इंद्रावतीला मिळतात. इंद्रावती ओडिशात उगम पावून बस्तरमधून येते. तिकडे पाऊस झाला की ती फुगते, पर्लकोटेचे पाणी पुढे सरकत नाही आणि मागे तुंबून तिच्यावरच्या पुलावर व बाजारपेठेत शिरते. म्हणजे गावात ऊन असतानाही रस्ता बंद होऊ शकतो. हेमलकसा, जिथे १९७३ साली बाबा आमट्यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि जिथे आज दवाखाना आहे, ते भामरागडपासून अवघ्या तीन किलोमीटरवर. पूल पाण्याखाली गेला की हे तीन किलोमीटर गडचिरोलीच्या १८० पेक्षा लांब होतात. माझ्या मते या जिल्ह्यातले सर्वात मोठे अंतर हेच.

अशा वेळी गरोदर बाई अडली तर हेलिकॉप्टर मागवावे लागते, आणि तसे मागवले गेलेही आहे. मात्र वैमानिकाला खालची जमीन दिसावी लागते. पूर असतो तेव्हा बहुधा ढगही खाली उतरलेले असतात, रात्री तर प्रश्नच मिटला. निरोप पोहोचणे, यंत्र उपलब्ध होणे, ढग फाटण्याची वाट पाहणे यात जाणारा वेळ कोणत्याच वेगाच्या सूत्रात बसत नाही.

म्हणून भामरागडसाठी अंतर मोजताना महिना विचारला पाहिजे. बाळंतपणाची तारीख जवळ आली की बाईला आधीच आरोग्य केंद्राशेजारी राहता यावे, यासाठी शासनाची ‘माहेरघर’ योजना आहे. जुलै-ऑगस्टमध्ये बाळंत होणाऱ्या बायांची यादी मे महिन्यातच करून त्यांना नदीच्या दवाखान्याकडच्या काठावर आणावे. पूल उंच होईपर्यंत आरोग्य खात्याने एवढे तरी दरवर्षी करावे.