आईच्या अर्ध्या तासाचा प्रश्न

वजन आणि प्रकृती हा विषय एका कामगार कार्यकर्त्याने व्याख्यानमालेत का मांडावा, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात येईल. मी डॉक्टर नव्हे, आहारतज्ज्ञही नव्हे. माझी शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण झाले ते संघटनेच्या कचेरीत, हजेरीपत्रके, कायद्याची पुस्तके आणि सरकारी अहवाल वाचून. परंतु कामाच्या तासांचा माणसाच्या शरीरावर काय परिणाम होतो, हा कामगार चळवळीचा पहिला प्रश्न होता. ज्या कामगाराचे तास कोणीच मोजत नाही, असा एक कामगार आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे. ती म्हणजे घरातली आई. म्हणून हा विषय माझा आहे, असे मी समजतो.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र केले आणि 1890 साली त्यांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. पुढे 1948 च्या कारखाने कायद्याने आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली. गिरणीच्या कामाला भोंगा होता. घरकामाला भोंगा नाही. केंद्र सरकारने 2024 साली लोकांचा वेळ कशात जातो याची देशभर पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रीचा त्या कामात दिवसाला सरासरी 289 मिनिटे वेळ जातो, तर घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाचा 88 मिनिटे, असे तीत आढळले. मुलांचे व आजाऱ्यांचे करण्यात स्त्रीची आणखी 137 मिनिटे जातात. ही दोन्ही कामे जिच्या अंगावर आहेत, तिची बेरीज सात तासांच्या घरात जाते. ती शाळेत शिकवत असेल, दुकान सांभाळत असेल किंवा शेतात भांगलणीला जात असेल, तर ते तास वेगळेच.

इतके राबूनही बाईचे वजन वाढते कसे, हा प्रश्न स्वाभाविक आहे. "दिवसभर उभी असते, मला वेगळा व्यायाम कशाला?" असे आपल्या आयाबहिणी म्हणतात. येथे श्रम आणि व्यायाम यांतला फरक समजून घेतला पाहिजे. ओट्याशी तीन तास उभे राहिल्याने कंबर दुखते, पाय सुजतात, जीव थकतो. पण हृदयाचे ठोके फारसे वाढत नाहीत आणि स्नायूंना पुरेसा ताण मिळत नाही. पूर्वी विहिरीचे पाणी शेंदणे, जाते ओढणे, कांडणे या कामांत तो ताण होता. नळ, गिरणी, मिक्सर आणि गॅस आले, हे फार चांगले झाले. त्या कष्टांची आठवण काढून उसासे टाकण्याचे कारण नाही. पण शरीराचे काम कमी झाले आणि थकवा मात्र तसाच राहिला, ही आजची स्थिती आहे.

या बाबतीत लंडनच्या बसगाड्यांचे एक उदाहरण कामगारांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. डॉक्टर जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1953 साली तेथील दुमजली बसच्या चालकांची आणि वाहकांची तुलना प्रसिद्ध केली. दोघे एकाच गाडीवर, एकाच आस्थापनेत. चालक बसून असे. वाहक तिकिटे फाडत दिवसभर जिना चढत-उतरत असे. वाहकांत हृदयविकाराचे प्रमाण चालकांपेक्षा कमी आढळले. पुढे याच्या इतर कारणांचीही चर्चा झाली; पण शरीराची हालचाल हृदयाला राखते, हा विचार तेव्हापासून पक्का होत गेला.

आता वजनाचे माप पाहू. वजनकाटा सगळे सांगत नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एक जोडफोटो 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. उंची आणि वजन यांचे गुणोत्तर दोघांचेही 22.3, अगदी सारखे. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. आपण भारतीय लोक दिसायला बारीक असूनही आत चरबी बाळगतो, आणि ती बहुधा पोटाभोवती असते. म्हणून काट्याबरोबर शिंप्याची टेप वापरावी. आपल्याकडील स्त्रीच्या कंबरेचा घेर 80 सेंटिमीटरच्या आत आणि पुरुषाचा 90 च्या आत असावा, असे तज्ज्ञ सांगतात.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 24 टक्के स्त्रिया वजनाने जादा आढळल्या. त्याच वयाच्या स्त्रियांपैकी 57 टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. म्हणजे शरीर जड आणि रक्त फिके, अशी अवस्था एकाच बाईची असू शकते. ती बाई जेवण तोडू लागली, तर चरबी जाण्याआधी ताकद जाईल. बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईने तर उपासमार मुळीच करू नये. फार थकवा असेल, पाळी बिघडली असेल किंवा वजन एकाएकी वाढले असेल, तर आधी रक्त, साखर आणि थायरॉईड तपासून घ्यावे.

आता हिशेबाकडे वळू. एक किलो चरबीत सुमारे 7,700 उष्मांक साठलेले असतात. साठ किलो वजनाची बाई अर्धा तास भरभर चालली, तर शंभर ते सव्वाशे उष्मांक खर्च होतात. पन्नास ग्रॅम पिठाच्या एका ज्वारीच्या भाकरीत सुमारे 165 उष्मांक असतात. म्हणजे अर्ध्या तासाच्या चालण्याने एक भाकरीही फिटत नाही! म्हणून चालणे व्यर्थ, असे कोणी समजू नये. चालण्याने रक्तातली साखर उतरते, हृदय बळकट होते, झोप लागते आणि उतरलेले वजन पुन्हा चढू नये यास मदत होते. परंतु वजन मुख्यतः उतरते ते ताटातून.

आपला हा वाळवा तालुका उसाचा. साखरेवर आपली पोटे चालतात. म्हणून ती सगळी आपल्याच पोटात गेली पाहिजे असे नाही. चार कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर म्हटली, की दिवसाला 40 ग्रॅम साखर झाली. तिचे 160 उष्मांक, म्हणजे भाकरीएवढेच. दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी दहा टक्क्यांहून कमी साखरेचे असावेत आणि पाच टक्क्यांच्या आत, म्हणजे सुमारे 25 ग्रॅमच्या आत, आणता आले तर अधिक चांगले, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सांगितले. चहा तितकाच ठेवून साखर निम्मी केली, तर वर्षाला 29,200 उष्मांक वाचतात. कागदावर ही साडेतीन किलोंहून जास्त चरबी होते. शरीर आपला खर्च आखडते, म्हणून प्रत्यक्षात वजन त्यापेक्षा कमी उतरेल. पण उतरेल, आणि त्यासाठी एक पैसाही लागणार नाही.

आईच्या ताटाचे दोन दोष मला घरोघर दिसतात. पहिला असा, की ती सर्वांच्या मागून जेवते आणि पातेल्यात उरलेले टाकवत नाही म्हणून संपवते. आमटी-उसळ तोवर सरलेली असते. उरतो तो भात आणि पोळी. अन्न टाकू नये हे खरेच, पण आईचे पोट म्हणजे उरलेल्याचा डबा नव्हे. दुसरा दोष उपवासाचा. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिठूळ पदार्थ आहे. त्यात प्रथिने नाहीत म्हटले तरी चालेल. तूप आणि बटाटा घालून केलेली त्याची खिचडी म्हणजे रोजच्या जेवणाहून जड जेवण. पंचावन्न किलो वजनाच्या स्त्रीला रोज सुमारे 46 ग्रॅम प्रथिने लागतात. ती आपल्याच स्वयंपाकघरात आहेत. मटकीची उसळ, डाळ, दूध-दही आणि खाणाऱ्यांसाठी अंडी आहेत. मूठभर शेंगदाण्यांत सात ग्रॅम मिळतात. मात्र त्याच मुठीत दीडशेहून अधिक उष्मांकही असतात, म्हणून मूठ एकच. ताट निम्मे भाजी-कोशिंबिरीने भरावे, उसळ किंवा डाळ वाटीभर घ्यावी आणि मग भाकरी. पोट भरल्याशिवाय कोणताही नियम टिकत नाही.

महिन्यात दहा किलो उतरवून देण्याच्या जाहिराती आपण पाहतो. कामगारांच्या भाषेत सांगायचे तर तयारीवाचून पुकारलेल्या संपासारखा हा प्रकार आहे. पहिला आठवडा उत्साहात जातो, दुसऱ्यात घर कुरकुरते, तिसऱ्यात सगळे मोडते आणि आधीपेक्षा वाईट अटींवर कामावर परतावे लागते. शरीराचेही तसेच आहे. अन्न एकदम तोडले की ते दुष्काळ पडला असे समजते. भूक वाढवते, खर्च कमी करते आणि चरबीबरोबर स्नायूही मोडून खाते. टिकतो तो करार. लहान, पण रोज पाळता येणारा. लाभ होण्यासाठी फार मोठा आकडाही लागत नाही. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांवर एक मोठा प्रयोग झाला आणि 2002 साली तो प्रसिद्ध झाला. त्यात सात टक्के वजन उतरवणे आणि आठवड्याला 150 मिनिटे चालण्यासारखा व्यायाम एवढेच ध्येय होते. त्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण 58 टक्क्यांनी घटले. सत्तर किलोच्या बाईला सात टक्के म्हणजे पाच किलोसुद्धा नव्हेत. ते वर्षभरात गेले तरी चालेल.

परंतु 150 मिनिटे आणायची कोठून? समजा, एक आई पहाटे पाचला उठते, डबे करते, मुलांना शाळेला लावते, नऊच्या एस.टी.ने सांगलीला कामावर जाते आणि साडेसहाला परतते. तिला अखंड तास सापडणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शनानुसार हालचाल थोड्या थोड्या वेळाने केली तरी ती हिशेबात धरली जाते. थांब्यापर्यंत भरभर चालत जाणे दहा मिनिटे, दुपारच्या डब्यानंतर दहा मिनिटे, रात्रीच्या जेवणानंतर दहा मिनिटे. आठवड्याचे पाच दिवस धरले की झाली 150 मिनिटे. आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताण द्यावा, असेही त्या मार्गदर्शनात आहे. त्यासाठी यंत्रे लागत नाहीत. हाताचा आधार न घेता पाटावरून दहा वेळा उठावे, भिंतीला हात टेकून दंड काढावेत, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलाव्यात.

आणि आपल्याच मुलखाची देणगी आहे सूर्यनमस्कार. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्याचा आयुष्यभर प्रचार केला, संस्थानातील शाळांत तो सक्तीचा केला आणि स्त्रियांनीही तो घालावा असे आग्रहाने सांगितले. त्यांच्या पद्धतीवरचे इंग्रजी पुस्तक 1938 साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याजवळची किर्लोस्करवाडी त्याच संस्थानात होती. दीड हात रुंद आणि चार हात लांब जागेत, दार लावून, दहा मिनिटांत होणारा हा व्यायाम घरच्या आईला फार सोयीचा आहे. तीनपासून सुरुवात करावी, दर आठवड्याला एक वाढवावा. गर्भारपण, रक्तदाब किंवा गुडघ्याचे दुखणे असेल तर डॉक्टरांना विचारूनच घालावेत.

येथपर्यंत मी आईने काय करावे ते सांगितले. पण हे आईच्या एकटीच्या निर्धारावर सोडून आपण मोकळे झालो, तर तिच्या सात तासांत आणखी एका कामाची भर पडेल. बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये धावलेल्या लता करे आपल्याला आठवत असतील. साठी ओलांडलेल्या या कष्टकरी बाई नऊवारी लुगड्यात, अनवाणी तीन किलोमीटर धावल्या आणि पहिल्या आल्या. नवऱ्याच्या उपचारासाठी पैसे हवे होते म्हणून त्या धावल्या. त्यांच्यावर 2020 साली चित्रपट निघाला. आपण सर्वांनी टाळ्या वाजवल्या, आणि ते योग्यच झाले. पण बाई स्वतःच्या प्रकृतीसाठी संध्याकाळी धावू लागली, तर तिला टाळ्या मिळतात की टोमणे, याचा विचार प्रत्येकाने आपल्या घरापुरता करावा.

म्हणून मी चार मागण्या मांडतो. पहिली, दिवसातला अर्धा तास आईचा. त्या वेळेत तिला कोणी हाक मारायची नाही. दुसरी, रात्रीचे जेवण सर्वांनी एकत्र आणि मागची भांडी-आवराआवर पाळीने. पुरुषांनी आणि मुलग्यांनी सुद्धा. तिसरी, तिला सात तास झोप. अपुऱ्या झोपेने भूक वाढते, हे आता सिद्ध झाले आहे. चौथी मागणी गावाकडे. गाळपाच्या हंगामात आपल्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांची रांग असते. अंधारात त्यांच्या कडेने बाईने चालायचे कसे? दिव्यांची, निर्धास्त चालण्याची जागा ही गावाची जबाबदारी आहे.

मालकांना रविवारची सुट्टी द्यावी लागली. गिरण्या बुडाल्या नाहीत. आईने अर्धा तास घेतल्याने कोणाचा संसार बुडणार नाही. उलट तो ओढणारी बाई आणखी वीस वर्षे धडधाकट राहील. या मागण्यांसाठी ना मोर्चा लागेल, ना कोर्ट. व्याख्यान संपल्यावर आपण घरी जाल तेव्हा पाने मांडलेली असतील. कराराचे पहिले कलम तेथेच, त्याच पंगतीत आईचे पान मांडून अमलात आणता येईल.