अवकाशातील शंटिंग

जानेवारी महिन्यात सोलापूरला सिद्धेश्वराची यात्रा भरते आणि होम मैदानावर गड्डा उभा राहतो. गड्ड्यात मुलांची सर्वांत जास्त झुंबड उडते ती पाळण्यांपाशी. त्यांतले घोड्यांचे गोल चक्र तुम्ही कधी नीट न्याहाळले आहे का? समजा, ते चक्र फिरत असतानाच तुम्हांला त्यावर चढायचे आहे. (करून मात्र पाहू नका!) कोठून चढाल? कडेचे घोडे तर झपझप समोरून निघून जातात. त्यांतला एखादा पकडायला गेलात तर हात निखळायचा. पण मधल्या खांबाकडे पाहा. खांब जागच्या जागी फिरतो आहे. त्याच्याजवळची फळीही अगदी सावकाश सरकते आहे. वरून दोरीला धरून तुम्ही खांबाशी उतरलात, तर स्वतःभोवती हळूहळू फिरत राहिले की झाले. मग चक्र तुम्हांला स्थिरच वाटेल.

विज्ञानकथांतील प्रचंड अंतराळस्थानके नेमकी अशीच असतात. वेर्नर फॉन ब्राउन या शास्त्रज्ञाने १९५२ साली गाडीच्या चाकासारख्या स्थानकाची कल्पना मांडली होती. १९६८ साली निघालेल्या '२००१ : अ स्पेस ओडिसी' या चित्रपटातही असेच अवाढव्य चाक दिसते. चाक फिरवायचे कशासाठी? तर आतल्या माणसांचे पाय जमिनीला टेकावेत म्हणून. ४५० मीटर व्यासाचे चाक मिनिटाला २ फेरे या गतीने फिरवले, तर त्याच्या कडेला राहणाऱ्यांना पृथ्वीवरल्याइतकेच वजन जाणवेल. पण मग त्या कडेचा वेग होतो ताशी सुमारे १७० किलोमीटर! तेथे यान लावणे म्हणजे धावत्या घोड्यावर झेप घेण्यासारखेच. शिवाय एका बाजूला यानाचा बोजा पडला की सगळे चाक लडबडू लागणार. म्हणून कथेतले यान नेहमी चाकाच्या मधल्या तुंब्याकडे येते, स्वतःही मिनिटाला २ फेरे घेऊ लागते आणि अलगद आत शिरते. कल्पना पक्की आहे, भौतिकशास्त्राला धरून आहे. फक्त असे स्थानक अजून कोणी बांधलेले नाही.

मला विचाराल तर या कथांत एक गोष्ट फार लवकर उरकली जाते. यान तुंब्यासमोर येऊन उभे राहते, येथून कथा सुरू होते. पण ते समोर आले कसे? खरी परीक्षा त्याच्या आधीच असते. आणि ती परीक्षा आपल्या देशाने २०२५ सालच्या जानेवारीत, गड्डा भरलेला असतानाच दिली.

३० डिसेंबर २०२४ च्या रात्री श्रीहरिकोटाहून 'पीएसएलव्ही-सी६०' या अग्निबाणाने दोन जुळे उपग्रह आकाशात नेले. प्रत्येकाचे वजन सुमारे २२० किलोग्रॅम. एकाचे नाव 'चेसर', म्हणजे पाठलाग करणारा. दुसऱ्याचे 'टार्गेट', म्हणजे ज्याला गाठायचे तो. प्रयोगाचे नाव 'स्पेडेक्स'. पृथ्वीपासून सुमारे ४७५ किलोमीटर उंचीवर हे दोघे एकमेकांना शोधून, जवळ येऊन, एकमेकांत अडकायचे होते. या अडकण्याला 'डॉकिंग' म्हणतात. शब्द बंदरातला आहे. बोट धक्क्याला लागते ना, तसे. पण आपल्या सोलापूरकरांना बंदरापेक्षा रेल्वे जवळची, म्हणून मी त्याला शंटिंग म्हणतो.

स्टेशनात इंजिन डब्यांना जोडताना तुम्ही पाहिलेच असेल. इंजिन दूरवरून येते, मग थांबते, मग माणसाच्या चालीने पुढे सरकते. शेवटच्या हातभर अंतरात तर ते जवळजवळ रांगते. खट्ट असा आवाज होतो आणि जोडणी लागते. यात इंजिनचालकाला एक मोठी सोय असते. खाली रूळ असतात. इंजिन पुढे किंवा मागे एवढेच जाऊ शकते. ते डावी-उजवीकडे भरकटत नाही, वर-खाली होत नाही, तिरके होत नाही. आणि नको असेल तेव्हा ब्रेक लावता येतो.

अवकाशात रूळ नाहीत. यान तीन दिशांना सरकू शकते आणि तीन प्रकारे कलंडू शकते. या सहाही गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात. ब्रेकही नाही, थांबायचे तर उलट दिशेला वायूचा झोत सोडायचा. पण याहून मोठी गंमत पुढेच आहे.

समजा तुमचे यान आणि स्थानक एकाच कक्षेत फिरत आहेत. स्थानक तुमच्या १० किलोमीटर पुढे आहे. त्याला गाठायला काय कराल? "वेग वाढवू," असे तुम्ही चटकन म्हणाल. ३ जून १९६५ रोजी 'जेमिनी ४' या यानातून निघालेल्या जेम्स मॅकडिव्हिट या अमेरिकन अंतराळवीरालाही तसेच वाटले. आपल्याच अग्निबाणाचा रिकामा टप्पा त्याला समोर दिसत होता. त्याने यानाचे नाक तिकडे वळवले आणि जोर दिला. टप्पा जवळ येण्याऐवजी दूरच जाऊ लागला! बरेच इंधन जाळून शेवटी त्याला तो नाद सोडावा लागला.

असे का झाले? कक्षेतल्या वस्तूचा वेग आणि उंची यांची गाठ बांधलेली असते. वेग वाढवला की यान वर चढते. वरची कक्षा लांब असते, शिवाय तेथे पृथ्वीचे ओढणे कमी असल्याने यान फिरतेही सावकाश. म्हणजे पुढे जायला जोर दिला आणि यान मागे पडले. उलट वेग थोडा कमी केला तर यान खाली उतरते. खालची कक्षा आखूड आणि तेथला वेग जास्त, त्यामुळे यान पुढे सरकते. शाळेच्या मैदानावरच्या शर्यतीत आतल्या पट्ट्यातल्या मुलाला कमी पळावे लागते, आणि त्यातून तो पळतोही जोरात, तर काय होईल? तसेच हे. पुढच्याला गाठायचे तर आधी ब्रेक लावायचा आणि मागच्याला भेटायचे तर आधी जोर द्यायचा!

आता थोडे आकडे पाहू या. आपले यान स्थानकाच्या कक्षेपेक्षा १० किलोमीटर खालच्या कक्षेत असेल, तर पृथ्वीच्या एका प्रदक्षिणेत ते सुमारे ९४ किलोमीटर पुढे सरकते. ४७५ किलोमीटर उंचीवर अशी एक प्रदक्षिणा साधारण ९४ मिनिटांत होते. (दोन्ही आकडे सारखे आले हा निव्वळ योगायोग.) बरे, दहा किलोमीटरची गोष्ट सोडा. एका मुंगीच्या चालीएवढा, सेकंदाला फक्त १ सेंटिमीटर इतका, जास्त वेग चुकून पुढच्या दिशेला दिला गेला, तर एका प्रदक्षिणेनंतर यान सुमारे १७० मीटर मागे पडलेले असते. सोलापूर ते पुणे अंतर ३५ सेकंदांच्या आत कापणाऱ्या वस्तूच्या बाबतीत सेंटिमीटरचा हिशोब ठेवावा लागतो, तो यासाठी.

स्पेडेक्समध्ये दोन्ही उपग्रह अग्निबाणापासून सुटले तेव्हा त्यांच्या वेगांत मुद्दामच किंचित फरक ठेवला होता. त्यामुळे ते हळूहळू एकमेकांपासून लांब गेले. मग त्यांना आवरून धरले आणि पाठलाग सुरू झाला. पाठलाग एका दमात करायचा नसतो. ठरलेल्या अंतरांवर मुक्काम करायचे, सगळे ठीक आहे ना ते तपासायचे आणि मगच पुढे सरकायचे. हे मुक्काम होते ५ किलोमीटर, दीड किलोमीटर, ५०० मीटर, २२५ मीटर, १५ मीटर आणि शेवटी ३ मीटर. अंतर मोजायला लेझर किरण होते, कॅमेरे होते, आणि आपण कोठे आहोत हे दोन्ही उपग्रह रेडिओवरून एकमेकांना सांगत होते.

जोडणी ७ जानेवारीला व्हायची होती. ती पुढे ढकलून ९ तारीख ठरली. ८ तारखेला उपग्रहांना २२५ मीटर अंतरावर आणत असताना ते अपेक्षेपेक्षा जास्त सरकत असल्याचे आढळले. तेवढ्या काळात उपग्रह जमिनीवरच्या केंद्रांच्या दृष्टीआड होते, आणि पुन्हा दिसले तेव्हा हिशोब चुकलेला. जोडणी पुन्हा पुढे गेली. वर्तमानपत्रांत 'पुन्हा लांबणीवर' असे मथळे आले तेव्हा पुष्कळांचा हिरमोड झाला. पण नियंत्रकांच्या जागी बसून विचार करा. दोन उपग्रह एकमेकांवर आदळले तर दुसरी जोडी वर नाही. थांबणे आणि मागे घेणे हाही या कामाचाच भाग आहे. १२ जानेवारीला दोघांना १५ मीटरवर आणि मग ३ मीटरवर आणले आणि काही न करता पुन्हा लांब नेले! ती रंगीत तालीम होती.

१६ जानेवारीच्या सकाळी प्रत्यक्ष जोडणी झाली. टेकताना वेग होता सेकंदाला १ सेंटिमीटर. या वेगाने तुमच्या वर्गाच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जायला दहा मिनिटांच्या आसपास लागतील. इतके हळू का? उपग्रह हलके होते. हलक्या वस्तू जरा जोरात टेकल्या की चेंडूसारख्या एकमेकांपासून उडतात. धक्क्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दहापट तर ऊर्जा शंभरपट.

अडकवण्याचे यंत्र कसे असते? येथे पुन्हा रेल्वेकडे वळू. रशियाच्या 'सोयुझ' यानाच्या पुढे एक दांडा असतो आणि स्थानकावर नरसाळ्यासारखी खोल वाटी. दांडा वाटीत घसरत तळाशी जातो आणि तेथे अडकतो. ही पद्धत भरवशाची, पण तिला एक खोड आहे. दांडा दांड्याला जोडत नाही, वाटी वाटीला जोडत नाही. आता नव्या पद्धतीच्या रेल्वे डब्यांच्या टोकांना मधोमध असलेली जोडणी पाहा. अर्धवट मिटलेल्या मुठीसारखा पोलादी पंजा असतो. दोन्ही डब्यांचे पंजे एकसारखे. कोणताही डबा कोणत्याही टोकाने कोणालाही जोडा. स्पेडेक्सची कडी याच तत्त्वाची होती, दोन्ही उपग्रहांवर एकसारखी, ४५ सेंटिमीटर व्यासाची. आधी ती एकमेकींना सैलसर पकडतात, मग आत ओढून घेतात आणि शेवटी घट्ट आवळतात. त्यानंतर दोन उपग्रह म्हणजे एकच वस्तू असे समजून तिला नियंत्रित करावे लागते. १३ मार्च २०२५ रोजी त्यांना सोडवले आणि २० एप्रिलला पुन्हा जोडले. या दुसऱ्या वेळी एका उपग्रहाच्या विजेवर दुसऱ्यातला तापक चालवून दाखवला.

जोडणी लागली म्हणजे धोका संपला असेही नाही. अवकाशातील पहिली जोडणी १६ मार्च १९६६ रोजी 'जेमिनी ८' मधून नील आर्मस्ट्रॉंग आणि डेव्हिड स्कॉट यांनी केली. पुढे चंद्रावर पाऊल ठेवणारा तोच आर्मस्ट्रॉंग. जोडल्यावर अर्ध्या तासात यान गरगरू लागले. दोष जोडलेल्या रिकाम्या यानाचा समजून त्यांनी जोडणी सोडवली, तर गरगर अधिकच वाढली, सेकंदाला जवळजवळ एक फेरा! आपल्याच यानाची एक झोतनळी चालू स्थितीत अडकली होती. परतीसाठी राखून ठेवलेल्या झोतनळ्या वापरून आर्मस्ट्रॉंगने यान सावरले आणि मोहीम आवरती घेतली. २५ जून १९९७ रोजी रशियाच्या 'मीर' स्थानकावर तर सामानवाहू यान पडद्यावर पाहून दुरून हाकताना वेग आवरला नाही. ते स्थानकाच्या एका कक्षाला धडकले, कक्षाला भोक पडले आणि हवा बाहेर जाऊ लागली. आतल्या तिघांनी दारातून गेलेल्या तारा कापून काढल्या, दार बंद केले आणि स्थानक वाचवले.

भारतीय माणूस या जोडणीतून पहिल्यांदा गेला तो १९८४ साली. ३ एप्रिलला निघालेल्या 'सोयुझ टी-११' मध्ये राकेश शर्मा होते आणि दुसऱ्या दिवशी ते 'सॅल्यूत ७' स्थानकात शिरले. त्यानंतर ४१ वर्षांनी, २६ जून २०२५ रोजी शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकाला लागलेल्या यानातून आत गेले. दोन्ही वेळा यान परक्यांचे आणि कडीही परक्यांची. २०३५ पर्यंत पाच कक्षांचे भारतीय अंतराळस्थानक उभारण्याचा इस्रोचा बेत आहे. एकाच अग्निबाणात ते मावणार नाही. एकेक कक्ष वर नेऊन जोडावा लागेल. चंद्रावरची माती आणणाऱ्या 'चंद्रयान-४' मोहिमेतही चंद्राभोवतीच्या कक्षेत अशीच गाठ पडायची आहे. आणि तेथे पृथ्वीवरून सूचना द्यायची तर जाऊन-येऊन अडीच सेकंदांहून जास्त वेळ लागतो, हेही लक्षात घ्या.

आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक सोलापूरहूनही दिसते. सूर्य मावळल्यानंतरच्या किंवा उगवण्यापूर्वीच्या तासा-दीड तासात, गच्चीवर उभे राहून पाहा. न लुकलुकणारा एक तेजस्वी ठिपका चार-पाच मिनिटांत आकाश ओलांडून जातो, आणि कधीकधी मध्येच पृथ्वीच्या सावलीत शिरून विझल्यासारखा नाहीसा होतो. एखादे यान स्थानकाच्या वाटेवर असेल त्या दिवसांत जरा जास्त लक्ष ठेवा. मोठ्या ठिपक्याच्या पुढे किंवा मागे, त्याच वाटेने चाललेला एक बारीक ठिपकाही कदाचित दिसेल.