कापल्यावर प्लेट का वाकते?

यवतमाळ जिल्ह्यातील आरागिरणीत सागाचा ओंडका उभा चिरला, की कधीकधी दोन्ही भाग आपोआप बाहेरच्या बाजूला वाकतात. वाढत्या झाडात बाहेरचे थर ताणलेले व गाभा दाबलेला असतो. अखंड ओंडक्यात त्यांचा तोल साधलेला असतो. चिरल्यावर तो बिघडतो.

लाटलेल्या अ‍ॅल्युमिनियम प्लेटचेही असेच होते. लाटताना पृष्ठभाग व गाभा सारखे लांबत नाहीत आणि ताण आत अडकून राहतात. मिलिंग मशीनवर एकाच बाजूने 3 मिलिमीटरचा थर काढला, की क्लॅम्प सोडताच प्लेट वाकते. आयटीआयतील विद्यार्थ्याची दिवसभराची मेहनत वाया जाते.

अशा कामासाठी आम्ही ओतीव टूलिंग प्लेट सुचवतो. ओतल्यावर ती भट्टीत तापवून सावकाश थंड करतात, ताण निवळतात. मग दोन्ही पृष्ठभाग कापून सपाट करतात. जॉब पकडणाऱ्या फिक्श्चरसाठी ती उत्तम. मात्र तिची ताकद कमी. मोठा भार पेलायचा असेल तर लाटलेलीच घ्यावी.

खरेदीपूर्वी वजन काढू. 300 × 300 × 12 मिलिमीटर म्हणजे 1080 घन सेंटिमीटर, घनता 2.7, म्हणून सुमारे 2.9 किलो.

सपाट प्लेटचीही लांबी बदलते. दर अंशाला एका मीटरमागे अ‍ॅल्युमिनियम 0.023 मिलिमीटर वाढते. थंडीतल्या 12 अंशांपासून मे महिन्यातल्या 42 अंशांपर्यंत आपली प्लेट 0.2 मिलिमीटरने वाढेल. पोलादी मोजपट्टी साधारण निम्मीच वाढते. मग मोजमापात किती फरक पडेल? विद्यार्थ्यांकडून हे गणित जरूर करून घ्या.