नर्सिंगमध्ये नापास: आधी गुणपत्रिका वाचा, मग वाट ठरवा

भंडारा जिल्ह्यात मुलीच्या नर्सिंगचा निर्णय घरात फार लवकर होतो. बारावीला विज्ञान घेतलं, डॉक्टरकीपुरते गुण पडले नाहीत, की घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘नर्सिंगला टाकून देऊ.’ मग लाखांदूर, पवनी, मोहाडीकडची मुलगी भंडाऱ्याला जाते, नाहीतर तिथून साठेक किलोमीटरवरच्या नागपूरला. दोन-चार एकर धानाच्या भरवशावर फी आणि हॉस्टेल चालतं. आणि एक दिवस निकाल येतो. दोन विषय गेलेले असतात. पुन्हा दिले तरी एक उरतो. शेवटी वर्ष वाया जातं, बॅग भरून मुलगी गावी येते आणि एसटीतून उतरताच कुणीतरी विचारतं, ‘मंग आता का करतेस?’

या प्रश्नाचं उत्तर बहुतेक घरांत आठवडाभरात देऊन टाकलं जातं. मामा स्थळ आणतो, शेजारी दुसऱ्या कॉलेजाचं नाव सुचवतो, एजंट ‘सहा महिन्यांत नोकरी’चं पत्रक हातात ठेवतो. मुलगी गप्प असते, कारण नापास झालेल्याला बोलायचा हक्क राहत नाही असं तिला वाटतं. म्हणून सांगावंसं वाटतं, की नापास होण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि प्रत्येक कारणाची वाट वेगळी असते. कारण शोधायच्या आधी झालेला निर्णय बहुधा मुलीचा नसतोच, तो घाबरलेल्या घराचा असतो.

पन्नासची रेषा कशासाठी?

शाळेत ३५ गुणांवर पास होण्याची सवय असलेल्या मुलीला नर्सिंगमधली ५० टक्क्यांची अट जाचक वाटते. त्यातही लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्हींत वेगवेगळं उत्तीर्ण व्हावं लागतं. ती अट का आहे, हे एका साध्या हिशेबातून कळेल. डॉक्टरांनी २५० मिलिग्रॅम औषध लिहिलं आहे. बाटलीवर छापलं आहे, ५ मिलिलिटरमध्ये ५०० मिलिग्रॅम. म्हणजे द्यायचं अडीच मिलिलिटर. इथे दशांश चिन्ह एक घर सरकलं तर डोस दहापट होतो, नाहीतर दहाव्या हिश्शावर येतो. नवजात बाळाचा डोस तर किलोमागे मोजायचा असतो. रात्री तीन वाजता, वॉर्डात दोन नातेवाईक एकाच वेळी हाका मारत असताना हा हिशेब बरोबर यावा लागतो.

या जबाबदारीचं वजन भंडाऱ्याला वेगळं सांगायला नको. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू अतिदक्षता विभागात आग लागली. तिथल्या १७ बाळांपैकी १० दगावली, ७ वाचली. रात्रपाळी म्हणजे काय, वॉर्डात माणूस जागं असणं म्हणजे काय, हे त्या दिवशी साऱ्या जिल्ह्याला कळलं. म्हणून परीक्षकांनी दयेपोटी गुण वाढवावेत असं कुणी म्हणू नये. आणि हा भार आपल्याला पेलणारा नाही असं एखाद्या मुलीला प्रामाणिकपणे वाटलं, तर तिला भित्री म्हणण्याचाही कुणाला अधिकार नाही.

गुणपत्रिका काय सांगते?

एका संध्याकाळी टीव्ही बंद करून आई-वडील आणि मुलीने गुणपत्रिका समोर ठेवून बसावं. कोणते विषय गेले, लेखीत गेले की प्रात्यक्षिकात, अंतर्गत गुण किती आणि हजेरी किती, हे कागदावर मांडावं.

बीएस्सी नर्सिंगच्या पहिल्या सत्रात कम्युनिकेटिव्ह इंग्लिश, अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि नर्सिंग फाउंडेशन हे विषय असतात. पुढे बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी, फार्माकॉलॉजी येतात. मराठी शाळेत शिकलेली मुलगी अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीच्या लेखीत अडखळली असेल आणि वॉर्डातल्या कामात तिचे गुण चांगले असतील, तर अडचण बहुधा इंग्रजीची आणि लिहिण्याच्या सरावाची आहे. तिला हृदयाचे कप्पे माहीत असतात, पण दहा गुणांचं उत्तर इंग्रजीत बांधता येत नाही. हे दुरुस्त होऊ शकतं. मागच्या प्रश्नपत्रिका, आकृत्या, आणि रोज एक उत्तर लिहून ट्यूटरकडून तपासून घेणं, एवढ्याने बराच फरक पडतो.

उलट लेखी बरं आणि प्रात्यक्षिक कच्चं असेल, तर क्लिनिकल पोस्टिंगमध्ये काय घडत होतं ते विचारा. रक्त पाहून चक्कर येत होती का? रुग्णाशी बोलताना शब्द फुटत नव्हते का? की सिस्टरने एकदा सर्वांसमोर रागावल्यानंतर हात थरथरायला लागला? पहिल्या दोन गोष्टी सरावाने कमी होतात. तिसऱ्या गोष्टीला समजून घेणारा शिक्षक लागतो.

तिसरी परिस्थिती सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे. मुलगी परीक्षेला बसूच शकली नाही, कारण हजेरी ८० टक्के भरली नाही. आई आजारी होती, हॉस्टेलची फी थकली होती, रोवणीच्या दिवसांत घरी राहावं लागलं. ही मुलगी अभ्यासात नापास झालेली नाही, घराची व्यवस्था कोलमडली आहे. ती व्यवस्था सुधारल्याशिवाय पुन्हा फी भरण्यात अर्थ नाही, आणि सुधारता येणार असेल तर शिक्षण सोडण्यात अर्थ नाही.

चौथी खूण म्हणजे आधी बरे असलेले गुण एकदम सर्वच विषयांत घसरणं. झोप उडाली आहे, जेवण कमी झालं आहे, मुलगी खोलीबाहेर येत नाही, अशी चिन्हं असतील तर करिअरचा निर्णय आज नको. आधी तिला सावरू द्या. शासनाची टेलिमानस ही मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते आणि तिथे मराठीत बोलता येतं. जीव नकोसा झाल्याचं मुलगी बोलत असेल, तर तिला एकटं न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावं.

राहायचं ठरलं तर

‘नापास झाली म्हणजे कॉलेजातून काढलं’ असा समज गावात सर्रास दिसतो. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या नियमावलीनुसार चार वर्षांचा बीएस्सी नर्सिंग अभ्यासक्रम पूर्ण करायला जास्तीत जास्त आठ वर्षं मिळतात. राहिलेले विषय असतानाही पुढच्या सत्राच्या वर्गात बसता येतं, मात्र पाचव्या सत्राची परीक्षा देण्याआधी मागचं सगळं सुटलेलं असावं लागतं. ज्या विषयाला लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्ही आहेत, त्यातला एक भाग गेला तर तेवढाच भाग पुन्हा द्यावा लागतो. 

एखाद्या विषयात थोडक्यासाठी गेलं असेल, तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे फेरमोजणीचा अर्ज करता येतो आणि उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते. त्याची मुदत थोड्या दिवसांची असते. घरात रडारड चालू असताना ती निघून जाते. म्हणून निकालाच्या दिवशीच परिपत्रक वाचावं. छायाप्रत हाती आली की गुण वाढोत न वाढोत, आपण कुठे चुकलो हे स्वतःच्या अक्षरात दिसतं.

पायरी बदलता येते

बीएस्सी झेपली नाही म्हणजे परिचारिका होता येणार नाही, असं नाही. तीन वर्षांचा जीएनएम आणि दोन वर्षांचा एएनएम हे दोन्ही मान्यताप्राप्त अभ्यासक्रम आहेत आणि बारावीला विज्ञान नसलेल्या मुलींनाही खुले आहेत. जीएनएमचा भर वॉर्डातल्या कामावर जास्त आहे. तो पूर्ण करून नोंदणी झाली की पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं. म्हणजे पदवीचं दार कायमचं बंद होत नाही, रस्ता लांबतो एवढंच. एएनएम झालेली मुलगी उपकेंद्रात आरोग्यसेविका म्हणून लसीकरण, गरोदर मातांची तपासणी, घरभेटी अशी कामं करते. साकोली किंवा तुमसर तालुक्यातल्या आडगावात तिच्याइतकी ओळखीची सरकारी व्यक्ती दुसरी क्वचितच असते.

मात्र इथे प्रवेश पहिल्या वर्षापासून नव्याने घ्यावा लागतो हे गृहीत धरावं. प्रवेशाचे नियम बदलत असतात, म्हणून राज्य सीईटी कक्षाची त्या वर्षीची माहितीपुस्तिका पाहावी, मागच्या वर्षीच्या मैत्रिणीच्या सांगण्यावर जाऊ नये.

रुग्णालयातली इतर कामं, आणि एक सापळा

रुग्णालय फक्त डॉक्टर आणि नर्सवर चालत नाही. प्रयोगशाळा, एक्स-रे, शस्त्रक्रियागृह, डायलिसिस, औषध भांडार, नोंदी या सगळ्यांना प्रशिक्षित माणसं लागतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यातल्या ज्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यांत भंडाऱ्याचंही आहे. अशी संस्था वाढते तशी तंत्रज्ञांची गरजही वाढते. ज्या मुलीला विज्ञान आवडतं पण रुग्णाच्या उशाशी उभं राहणं जमत नाही, तिच्यासाठी प्रयोगशाळा तंत्रज्ञाचं किंवा दोन वर्षांचं डी. फार्म. हे शिक्षण योग्य ठरू शकतं. डी. फार्म.ला बारावी विज्ञान लागतं, ते तिच्याकडे आहेच.

सापळा इथेच असतो. नापास मुलीच्या घरी सर्वांत आधी पोचतो तो कुठलीच मान्यता नसलेल्या ‘नर्सिंग कोर्स’चा माणूस. सहा महिने, परीक्षा सोपी, शंभर टक्के नोकरी. अशा प्रमाणपत्रावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होत नाही आणि नोंदणीशिवाय परिचारिका म्हणून काम करता येत नाही. एखाद्या छोट्या दवाखान्यात पांढरा कोट देऊन इंजेक्शन द्यायला लावतील, पण काही बरंवाईट झालं तर कायद्यासमोर ती मुलगी एकटी उभी राहते. रुग्णसहायकाचं म्हणजे जनरल ड्युटी असिस्टंटचं प्रशिक्षण प्रामाणिक आहे, उपयोगाचंही आहे, पण तेही नर्सिंग नव्हे. कोणत्याही संस्थेत पैसे भरण्याआधी विचारा, हा अभ्यासक्रम कोणत्या परिषदेने मान्य केला आहे? मग संस्थेचं नाव त्या परिषदेच्या यादीत स्वतः पाहा.

क्षेत्रच बदलायचं असेल तर

काही मुलींना नर्सिंग कधीच नको होतं. अशा मुलीला एकच प्रश्न विचारावा: फी कुणी भरली आणि लोक काय म्हणतील हे बाजूला ठेवलं, तर उद्या सकाळी वॉर्डात जायला तुला आवडेल का? उत्तर ‘नाही’ असेल तर ते ऐकून घ्यावं.

तिची बारावी कुठे गेलेली नाही. १९८९ मध्ये नाशिकला सुरू झालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून घरी राहून, काम करत पदवी घेता येते आणि पदवी असली की स्पर्धा परीक्षांची दारं उघडतात. आयटीआय, शिक्षणशास्त्र पदविका, संगणकाधारित लेखा-हिशेब, पोलीस भरती हे सगळे खुले रस्ते आहेत. वॉर्डात काढलेले दिवसही वाया जात नाहीत. वेळ पाळणं, अनोळखी माणसाशी धीराने बोलणं आणि केलेल्या कामाची लगेच नोंद ठेवणं कुठल्याही नोकरीत उपयोगी पडतं.

महाराष्ट्राला ही दृष्टी नवी नाही. रमाबाई रानडे यांच्या पुढाकारातून १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं राहिलं. विधवा आणि परित्यक्तांना पायावर उभं करताना त्या संस्थेने परिचर्येबरोबर शिक्षिकेचं प्रशिक्षण आणि शिवणकामही ठेवलं. बाईने कमवतं व्हावं हा हेतू पक्का होता, तिने कोणतं काम करावं याला पर्याय होते. शंभरहून अधिक वर्षांनी आपण मुलीपुढे एकच पर्याय ठेवतो आणि तो हुकला की लग्न पुढे करतो, हे मागे जाणं आहे.

पैसा आणि कागद

शैक्षणिक कर्ज असेल तर बँकेपासून तोंड लपवू नये. भारतीय बँक संघाच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत अभ्यासक्रम वेळेत पूर्ण न झाल्यास दोन वर्षांपर्यंत मुदतवाढीची सोय आहे, पण त्यासाठी शाखेत जाऊन निकालासह लेखी अर्ज द्यावा लागतो. शिष्यवृत्ती नापास झाल्यावर आपोआप पुढे चालू राहील असं धरून चालू नये. भंडाऱ्याच्या समाजकल्याण कार्यालयात आपल्या योजनेचा नियम विचारावा. कॉलेज सोडायचं असेल तर दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि जात प्रमाणपत्र परत घ्यावं. महाविद्यालयांनी मूळ प्रमाणपत्रं अडवून ठेवू नयेत, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. कुणी उरलेल्या वर्षांची फी मागत असेल तर मागणी लेखी घ्या आणि विद्यापीठाकडे तक्रार करा.

महाविद्यालयांकडूनही एक अपेक्षा आहे. निकालासोबत प्रत्येक नापास विद्यार्थिनीला एक पानभर मराठीत लिहून द्यावं: कोणते विषय राहिले, पुढची परीक्षा केव्हा, किती वर्षं हातात आहेत, फेरमोजणीची मुदत काय, कर्ज-शिष्यवृत्तीसाठी कुणाला भेटायचं. यासाठी वेगळा निधी लागत नाही. पालकांना एक दिवस बोलावून ट्यूटरने समोर बसून बोलावं.

आणि घराने तिला सहा आठवडे द्यावेत. पहिल्या दोनात गुणपत्रिका आणि नियम समजून घ्यायचे, पुढच्या दोनात ट्यूटर, एखादी आरोग्यसेविका, एखादा तंत्रज्ञ यांना भेटून यायचं, आणि शेवटच्या दोनात ठरवून अर्ज भरायचा. त्या काळात स्थळ पाहू नये, एजंटला पैसे देऊ नयेत, नातेवाइकांसमोर निकालाचा विषय काढू नये. सहा आठवड्यांनी ती पुन्हा परीक्षेला बसेल, जीएनएमला जाईल किंवा वेगळंच काही शिकेल. निवड तिने कारण समजून केलेली असेल, तर पुढची फी भरताना आई-वडिलांनाही आपण कशासाठी भरतोय हे ठाऊक असेल.