एकवीस वर्षांची बत्तिशी

मासिकांतून लेख लिहिण्याची हौस आमच्या सुशिक्षित घरांतून पुष्कळांस असते. पहिला लेख छापून येतो, वडीलधारी मंडळी चष्मा पुसून तो वाचतात, भाचेपुतणे लेखकाच्या नांवाखालीं बोट ठेवून पाहतात, आणि मग दुसरा लेख कांहीं केल्या लिहून होत नाहीं. हौस ही पहिल्या लेखापुरती पुरते. दुसऱ्यापासून पुढें निराळेंच कांहीं लागतें. तें काय, याचा विचार करूं लागलें म्हणजे आमच्या वऱ्हाडांतीलच एक उदाहरण डोळ्यांपुढें उभें राहतें.

पूर्णा ओलांडून उत्तरेस गेलें कीं सातपुड्याच्या पायथ्याशीं जळगांव हें तालुक्याचें गांव लागतें. खानदेशांतील जळगांवाशीं घोटाळा होऊं नये म्हणून शेजारच्या जामोदाचें नांव त्यास जोडतात. हा तालुका आणि खामगांव तालुका हे दोन्ही १९०५ पर्यंत अकोला जिल्ह्यांत मोडत. त्या सालच्या फेररचनेंत ते बुलढाणा जिल्ह्याकडे आले. आगगाडी गांठावयाची ती नांदुऱ्यास जाऊन. आणि नामांकित छापखाने, ग्रंथसंग्रह, नाटकमंडळ्या, संपादक हे सर्व मुंबईपुण्याकडे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनीं आपल्या वकिलीचीं वर्षें वऱ्हाडांत अकोला, खामगांव आणि हें जळगांव-जामोद अशा ठिकाणीं काढलीं, आणि मराठी विनोदी निबंधाचा पाया या मुंबईपुण्याहून दूरच्या गांवांत बसून घातला.

त्यांचा जन्म नागपूरचा, २९ जून १८७१ चा. १८९७ सालीं एलएल. बी. होऊन ते वकिलींत पडले. परंतु लेखणी त्यापूर्वींच हातीं आलेली होती. 'विक्रमशशिकला' नाटकावरील त्यांच्या टीकेनें १८९३ सालींच जाणत्यांचें लक्ष वेधलें होतें, आणि १८९६ सालीं किर्लोस्कर नाटक मंडळीनें त्यांचें 'वीरतनय' रंगभूमीवर आणलें होतें. म्हणजे हा लेखक मासिकाच्या दारीं उमेदवार म्हणून उभा राहिलेला नव्हता. त्याचें नांव झालेलें होतें. तरीही १९०२ सालीं त्यानें 'साक्षीदार' हा एक छोटासा विनोदी लेख लिहून 'विविधज्ञानविस्तारा'कडे धाडला. विषय रोजच्या कचेरींतलाच. 'विस्तार' हें रामचंद्र भिकाजी गुंजीकरांनीं १८६७ सालीं सुरू केलेलें, पुढें १९३७ पर्यंत टिकलेलें, भारदस्त मासिक. अशा मासिकांत निव्वळ हंसविण्यासाठीं लिहिलेला मजकूर द्यावयाचा, हें त्या काळीं थोडें धाडसाचेंच होतें.

येथून पुढची गोष्ट आंकड्यांची आहे, आणि ती आम्हांस फार बोधप्रद वाटते. १९०२ पासून १९१० पर्यंत अशा लेखांची संख्या अठरा झाली, तेव्हां त्यांचें पुस्तक निघालें: 'सुदाम्याचे पोहे अर्थात् अठरा धान्यांचें कडबोळें'. त्यांत आणखी चौदांची भर पडून १९२३ सालीं बत्तीस लेखांची 'साहित्यबत्तिशी' झाली. हिशेब करून पाहावा. पहिल्या आठ वर्षांत वर्षाला सवादोन लेख. पुढें तर वर्षाकाठीं जेमतेम एक. आणि तरीही या लेखकास कोणी अनियमित म्हणणार नाहीं, कारण एकवीस वर्षें तो पुन्हां पुन्हां त्याच पाटावर येऊन बसला. नियमितपणा म्हणजे दर महिन्यास अमुक पानें भरलींच पाहिजेत अशी जी समजूत आहे, तिनें किती होतकरू लेखक अकालीं थकविले असतील! विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं १८७४ पासून १८८१ पर्यंत निबंधमालेचे चौऱ्यायशी अंक बहुतेक एकट्यानें लिहून काढले हें खरें; पण त्यासाठीं सर्व आयुष्य एका मासिकास वाहावें लागतें, आणि शास्त्रीबुवा बत्तिसावें वर्षही पुरें न करतां १८८२ सालीं गेले. तो मार्ग निराळा. ज्यास कचेरी आहे, अशील आहेत, घरचीं चार माणसें आहेत, त्यानें कोल्हटकरांचा हिशेब डोळ्यांपुढें ठेवावा.

पण नुसतें परत येऊन बसल्यानें लेख होत नाहीं. बसल्यावर तेथें कोणीतरी ओळखीचें भेटावें लागतें. कोल्हटकरांनीं ही सोय प्रथमच करून ठेविली होती. सुदामा हा सांगणारा, आणि बंडूनाना व पांडूतात्या हे त्याचे दोन मित्र. हें त्रिकूट एकदां वाचकांच्या ओळखीचें झालें कीं दर लेखीं नवी प्रस्तावना नको, पात्रपरिचय नको. ओटीवर नेहमींचे पाहुणे आले म्हणजे 'बसा' म्हणावें लागत नाहीं, तसें हें आहे. लेखकाचे अर्धे श्रम वांचतात. आणि वाचकासही पुढील भेटीची उत्कंठा लागते, कारण त्याला आतां लेख नव्हे तर माणसें भेटावयाचीं असतात. पुढें चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ घरोघर पोहोंचले, त्यांचें मूळ या त्रिकूटांत आहे असें आम्ही समजतों. आजचा नवा लेखक दर वेळीं नवा विषय, नवा सूर, नवी भाषा घेऊन येतो आणि मग वाचक आपणांस ओळखीत नाहींत अशी तक्रार करतो. त्यांनीं ओळखावें तरी कशावरून?

विषयांचेंही असेंच. 'श्रावणी', 'गणेशचतुर्थी', 'शिमगा' हीं त्यांच्या लेखांचीं नांवें पाहा. विषय शोधावयास सुदामा कोठें दूर गेला नाहीं. पंचांग उघडलें, आणि जो सण पुढें आला त्याच्याकडे नीट पाहिलें. तालुक्याच्या गांवीं घडत तें काय, असें म्हणणाऱ्यांनीं हें लक्षांत घ्यावें. मोठ्या शहरांत शंभर प्रकारचीं माणसें एकदां एकदां दिसतात. लहान गांवांत तींच तीस माणसें शंभर वेळां दिसतात. विनोदी लेखकास दुसरा प्रकार अधिक उपयोगी, कारण विसंगति ही एका भेटींत उघडी पडत नाहीं.

सणांवर, चालीरीतींवर विनोद करावयाचा म्हणजे घरांतील वृद्धांच्या भावना दुखावण्याचा प्रसंग. हे लेख वाचणारीं घरेंही आमच्यासारखींच, सोवळ्याओवळ्याचीं आणि श्राद्धपक्षाचीं होतीं. कोल्हटकर स्वतः सुधारणेच्या पक्षाचे होते, आणि सुधारकानें उपदेश केला कीं घर तट बांधून बसतें हें त्यांस ठाऊक असलें पाहिजे. त्यांनीं युक्ति अशी केली कीं वेडेपणा दुसऱ्या कोणाचा दाखविला नाहीं. सुदामा आणि त्याचे मित्र तो स्वतःच, मोठ्या श्रद्धेनें आणि गंभीर मुद्रेनें, करून दाखवितात. वाचक प्रथम त्यांस हंसतो, आणि पुष्कळ पानांनंतर कधींतरी त्याला शंका येते कीं आपल्या घरींही गेल्या वर्षीं असेंच झालें होतें. टीका करणाऱ्यानें आधीं स्वतःस हंसून घ्यावें हा धडा वारंवार लिहिणाऱ्यास विशेष हवा; कारण एकदांच लिहिणारा रागावून निघून जाऊं शकतो, पुन्हां त्याच घरीं जावयाचें असलेल्यास तसें करून चालत नाहीं.

आणखी एक गोष्ट उघडपणें बोलली जात नाहीं ती अशी, कीं पोट वकिलीवर होतें, लेखांवर नव्हतें. म्हणूनच लेख होईपर्यंत थांबतां आलें. जो संपादकाच्या मोबदल्यावर घर चालवितो त्याला वर्षाकाठीं दोनच लेख लिहून कसें भागेल? उपजीविकेसाठीं लिहिणें हें कमीपणाचें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण त्यांत लेखाचा वेग भुकेच्या हातीं जातो.

आतां दोषही सांगितला पाहिजे. सुदाम्याचे पोहे आज मुलांच्या हातीं दिले तर तीं दुसऱ्या पानावर अडखळतात. वाक्यें लांबलचक, संस्कृतप्रचुर, आणि शाब्दिक कोट्यांनीं गच्च भरलेलीं. ज्या कोटीवर १९०५ सालचा पदवीधर खळखळून हंसला असेल तिच्यावर आज टीप द्यावी लागते, आणि टीप दिलेला विनोद हा दुसऱ्या दिवशींच्या भज्यासारखा असतो. पण गंमत अशी कीं कोटी विझली तरी प्रसंग विझत नाहीं. 'चोरांचें संमेलन' भरवावें ही कल्पनाच पाहा. सभा-संमेलनें, अध्यक्ष, ठराव, आभार यांची आमची हौस अद्याप उतरलेली नाहीं, तोंवर त्या लेखास मरण नाहीं. नियमानें लिहिणाऱ्यानें आपल्या जुन्या लेखांकडे या दृष्टीनें पाहावें: शब्दावर हंसविलें तें किती उरलें, आणि पाहिलेलें सांगितलें तें किती उरलें.

याच कोल्हटकरांनीं बारा नाटकें लिहिलीं. त्यांत त्यांचा जीव अधिक होता असें मानावयास जागा आहे. 'मूकनायक', 'मतिविकार', 'वधूपरीक्षा' यांची त्यांच्या काळीं मोठी चर्चा झाली. पारशी रंगभूमीवरील चाली मराठी पदांत आणल्या म्हणून त्यांचें कौतुकही झालें. १९२७ सालीं पुण्याच्या साहित्यसंमेलनाचें अध्यक्षपद त्यांस मिळालें. आज तीं नाटकें रंगभूमीवर दिसत नाहींत. त्यांचें महाराष्ट्रगीत गाइलें जातें, आणि गद्यांत नांव निघतें तें सुदाम्याचें. राम गणेश गडकरी त्यांस गुरु मानीत, आणि गडकऱ्यांनीं 'बाळकराम' होऊन जे विनोदी लेख लिहिले त्यांची वाट सुदाम्याच्या अंगणांतूनच गेलेली आहे. मोठ्या आकांक्षेचें काम मागें पडावें आणि मधल्या सवडींत, कचेरी सुटल्यावर केलेलें काम पुढें यावें, हें लेखकाच्या हातांतलें नाहीं. त्याच्या हातीं एवढेंच कीं मधल्या कामासही त्यानें हलकें समजूं नये. कोल्हटकरांनीं तसें समजलें नाहीं. त्यांच्या कोणत्याही लेखांत घाईचें पान सांपडत नाहीं.

याच्या अगदीं उलट उदाहरणही याच जिल्ह्यानें दिलें आहे, तें सांगितल्यावांचून एकच बाजू मांडल्यासारखें होईल. मेहकरचे ना. घ. देशपांडे हेही वकीलच. १९०९ चा त्यांचा जन्म. त्यांची 'शीळ' ही कविता गोविंद नारायण ऊर्फ जी. एन. जोशी यांच्या आवाजांत ध्वनिमुद्रिकेवर गेली आणि महाराष्ट्रभर ऐकूं येऊं लागली. पण 'शीळ' याच नांवाचा कवितासंग्रह निघाला तो १९५४ सालीं. पुढें १९६३ सालीं 'अभिसार'. 'खूणगाठी' या संग्रहास १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हां कवीचें वय पाऊणशेंच्या पुढें होतें. इतकें थोडें आणि इतकें सावकाश! मेहकर सोडून ते कोठें गेले नाहींत, आणि २००० सालीं त्यांचें निधन होईपर्यंत मासिकांच्या मागणीस्तव कविता केल्याचें त्यांच्याविषयीं कोणी म्हटलें नाहीं. तेव्हां नियमानें लिहिणें हा साहित्याचा एकच राजमार्ग नव्हे. कविता वाट पाहूं शकते. निबंध, विशेषतः घरगुती निबंध, वाट पाहात बसला तर शिळा होतो.

आमच्या एकत्र कुटुंबांत लिहिणाऱ्याची खरी अडचण प्रतिभेची नसून जागेची आणि वेळेची असते. वकिलाला निदान बैठक असते. तेथें तो कागद घेऊन बसला तर दौत उचलून कोणी नेत नाहीं, आणि तो काम करीत आहे असेंच घर समजतें. घरांतील सुनेनें किंवा विधवा आत्याबाईंनीं दुपारीं वही उघडली तर तिला तीनदां हांक येते: दूध आलें, पाहुणे आले, मूल उठलें. ज्यांनीं सणवार, लग्नकार्यें, माहेर-सासर हें सर्व सर्वांत जवळून पाहिलें त्यांचेच लेख अशा घरांतून सर्वांत कमी बाहेर पडले, आणि याचें कारण त्यांस सांगावयाचें नव्हतें हें खासच नाहीं.

कोल्हटकरांनीं आपल्या लेखांस जें नांव दिलें त्या कथेंतही हें आहे. पोहे सुदाम्याचे म्हणून प्रसिद्ध झाले. पण घरांत कांहीं नसतां शेजारच्या ब्राह्मणांकडून चार मुठी मागून आणून, फाटक्या फडक्यांत बांधून, ते नवऱ्याच्या हातीं दिले त्याच्या बायकोनें. द्वारकेस जाण्याचा आग्रहही तिचाच. भागवतांतील तो भाग कीर्तनांत येतो तेव्हां बुवा कृष्णाच्या महालाचें वर्णन रंगवितात आणि शेजारणींकडे मागितलेल्या त्या चार मुठींवरून झरझर पुढें जातात.

ज्या घरीं असें कोणी लिहिणारें आहे त्यांनीं प्रथम दुपारची एक घटका आणि खिडकीजवळची एक जागा तिच्या नांवानें सोडून द्यावी, आणि त्या वेळेपुरतें दूध दुसऱ्या कोणीं घ्यावें. वर्षाला दोन लेख झाले तरी पुरे. आठ वर्षांनीं अठरा होतात.