उन्हाळ्याविरुद्ध चुन्याची बादली

मे 2010 मध्ये अहमदाबादचा पारा 46.8 अंशांवर गेला. नंतर नोंदी तपासल्यावर दिसलं, की त्या एका महिन्यात शहरात नेहमीपेक्षा सुमारे 1,300 मृत्यू जास्त झाले होते. मृत्यूच्या दाखल्यावर ‘उष्णता’ क्वचितच लिहिली जाते. तिथे असतो हृदयविकार नाहीतर मूत्रपिंडाचा विकार.

2013 मध्ये महापालिकेने उष्णता कृती आराखडा आणला. दक्षिण आशियातला हा पहिलाच. त्यात रंगांनुसार इशारे आहेत, पाण्याची सोय आहे, डॉक्टरांचं प्रशिक्षण आहे. शहरातल्या शारदाबेन रुग्णालयातला प्रसूती कक्ष सर्वांत वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर हलवला, तर उष्णतेमुळे आजारी पडणारी नवजात बाळं कमी झाली. 

पण मला महत्त्वाचं वाटतं ते छप्पर. काळपट, गंजका पत्रा बरंचसं ऊन शोषतो आणि ती उष्णता खाली घरात सोडतो. काँक्रीटची गच्ची तर दिवसभर साठवलेली उष्णता रात्री परत करते. शरीराला थंड व्हायला उसंतच मिळत नाही. पांढरा चुना किंवा परावर्तक रंग लावला, की बरंचसं ऊन आल्या वाटेने परत जातं आणि खोली काही अंशांनी थंड राहते. अर्थात धूळ बसली की परिणाम ओसरतो, पावसाने चुना धुपतो. त्यामुळे दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर नवा हात द्यावा लागतो. मुंबईतल्या पत्र्याच्या वस्त्यांनाही हा उपाय लागू पडतो, फक्त भाडेकरूच्या डोक्यावरचं छप्पर रंगवायचं कुणी, हा प्रश्न विज्ञानाचा नाही.